‘तिला काही सांगू नका हं!’

कॅन्सरच्या ऑपरेशनचं नाव निघालं, की आपल्याकडे घराघरांत पहिली गोष्ट काय होते? आवाज खाली जातात. फोनवर बोलणारा माणूस बोलता बोलता अंगणात निघून जातो. रिपोर्टची फाईल कपाटात वरच्या फळीवर, साड्यांच्या मागे सरकवली जाते. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावलं जातं, ‘तिला काही सांगू नका हं!’

म्हणजे जिचं ऑपरेशन आहे ती सोडून घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीही हेच झालं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना छातीत गाठ लागली. वय चोपन्न, राहणं तालुक्याच्या गावी. दुखत नाही म्हणून त्यांनी चार महिने अंगावर काढले. मग लेकीनं धरून नेलं, सुईची तपासणी झाली आणि स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं. घरात बैठक बसली. ‘गाठ आहे, काढून टाकायची, एवढंच सांगायचं. तो शब्द तोंडातून काढायचा नाही,’ असं ठरलं. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, मीही त्या ठरवण्यात होते. ‘ताई, काही नाही हो, साधी गाठ आहे,’ असं मी त्यांच्या डोळ्यांत न बघता सांगितलं.

ऑपरेशन जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. त्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या आणि नेहमीच्या घाईत म्हणाल्या, ‘मावशी, अंगावरचं सगळं काढून ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, टिकलीसुद्धा.’ जाऊबाईंनी गळ्यातलं मुठीत घट्ट धरलं. काही केल्या सोडेनात. ब्लडप्रेशर बघितलं तर बरंच वाढलेलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आज नको, उद्या बघू. नातेवाईक वैतागले. ‘हट्ट तरी किती करावा माणसानं!’ कुणीतरी बोललंच.

रात्री मी एकटी त्यांच्याजवळ होते. अंधारात त्या म्हणाल्या, ‘अगं, सौभाग्याचं लेणं उतरवून टेबलावर जायचं आणि तिथंच काही झालं, तर मी कशी जाणार? मोकळ्या गळ्यानं?’ मला काय बोलावं सुचेना. मग थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, ‘आणि साधी गाठ असती, तर तुमचे चेहरे असे झाले असते होय? पंधरा दिवसांपासून माहितीय मला. तुम्ही कुणी बोलत नाही, तुम्हाला त्रास होईल, म्हणून मी पण गप्प राहिले.’

म्हणजे आम्ही त्यांना जपत होतो आणि त्या आम्हाला. त्या पंधरा रात्री त्यांनी एकटीनं काढल्या होत्या.

रात्रपाळीच्या सिस्टरनी आमचं बोलणं ऐकलं असावं. त्या स्टूल ओढून बसल्या. अर्धा तास बसल्या असतील. त्यांनी काही मोठं व्याख्यान दिलं नाही. ‘मावशी, काय काय भीती वाटते ते एकेक सांगा,’ एवढंच म्हणाल्या.

मग एकेक निघालं. दागिने का काढायचे? तर ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर चटका बसायची भीती. हातावर सूज आली तर बांगडी, अंगठी रुतते. नखाचा रंग काढायचा, कारण बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. शकुन-अपशकुनाचा त्यात काही संबंध नाही. ‘मंगळसूत्र तुमच्या मालकांच्या खिशात राहील. बाहेर आलात की त्यांच्याच हातानं घाला,’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा जाऊबाई पहिल्यांदा हसल्या.

मध्येच जाग आली तर? नाही येत. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन संपेपर्यंत उशाशीच असतात. अंगावर कपडे नसतील का? जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा ठेवतात, बाकी सगळं अंग हिरव्या कापडानं झाकलेलं असतं. शुद्धीवर आल्यावर काय दिसेल? छातीला पट्टी, काखेजवळून निघालेली एक नळी आणि तिला जोडलेली डबी. तीत लालसर पाणी जमतं. ते वाईट नाही, आत साचू नये म्हणूनच ती नळी. पाणी कमी झालं की काढतात, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर वाटेल, तेही ठरलेलंच. आणि सगळ्यात शेवटी, अगदी हळू आवाजात विचारलेला प्रश्न... ‘हात वर होईल ना? भाकरी थापता येईल ना?’ येईल. पण खांद्याचे व्यायाम सांगितल्याप्रमाणे रोज करायला हवेत. दुखतं म्हणून हात छातीशी धरून बसलात, तर खांदा आखडेल.

दुसऱ्या दिवशी ब्लडप्रेशर आटोक्यात होतं. गोळीनं उतरलं की बोलण्यानं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन्ही दिलं होतं. पण ज्या बाईनं आदल्या दिवशी मूठ सोडली नव्हती, तिनं त्या सकाळी आपल्या हातानं मंगळसूत्र काढून माझ्या दिरांच्या हातात दिलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर नळी चाचपून त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, ‘ही असतेच. घाबरू नकोस.’

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ऑपरेशनच्या आधीचा तो अर्धा तास हा उपकार नाही, तो उपचाराचाच भाग आहे. रक्त तपासणं, छातीचा फोटो काढणं जसं चुकवून चालत नाही, तसं बाईशी बोलणंही चुकवून चालायचं नाही.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. १९६४ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. पोटाचं ऑपरेशन होणार असलेले ९७ रुग्ण घेतले. त्यातल्या काहींना आदल्या दिवशी नीट समजावलं. दुखेल, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, श्वास कसा घ्यायचा, कुशीवर कसं वळायचं. बाकीच्यांना नेहमीसारखंच ठेवलं. कुणाला समजावलंय हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. ज्यांना समजावलं होतं, त्यांना नंतर वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं, आणि ते सरासरी अडीच दिवसांहून जास्त आधी घरी गेले. ऑपरेशन तेच, टाके तेच. फरक होता तो फक्त बोलण्याचा.

याचं कारण आपल्या रोजच्या अनुभवातलंच आहे. पहिलं बाळंतपण आठवा. कळा सगळ्यांनाच येतात, पण ‘आता अशी कळ येईल, मग थांबेल, मग अशी येईल’ असं शेजारी बसून सांगणारी कुणी असली, की बाई तग धरते. भीती ही अंधारातली असते. काय होणार ते कळलं, की ती पूर्णपणे जात नाही, पण ती मोजता येते. जाऊबाईंची भीती ‘मी मरणार’ एवढी मोठी होती. अर्ध्या तासात तिचे सात-आठ लहान प्रश्न झाले, आणि बहुतेकांना उत्तर होतं.

दुसरा मुद्दा हक्काचा. ऑपरेशन बाईचं, पण कागदावर सही कुणाची? बहुतेक वेळा नवऱ्याची, नाहीतर मुलाची. डॉक्टर समजावतात तेही त्यांनाच, आणि बाई बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात याबद्दल स्वच्छ निकाल दिला आहे. तपासणीसाठी म्हणून भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले होते. न्यायालयानं सांगितलं, रुग्ण सज्ञान आहे, जीव वाचवण्याची तातडी नाही, तर संमती तिचीच हवी. आईची चालणार नाही. आणि संमती म्हणजे नुसती सही नव्हे. काय करणार, का करणार, धोके काय, दुसरा मार्ग आहे का, हे तिला कळेल असं सांगायला हवं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर हा हक्क बायकांनी भांडून मिळवला आहे. एके काळी अमेरिकेसारख्या देशातही बाईला ‘गाठ तपासतो’ म्हणून भूल देत. ती झोपलेली असतानाच तुकडा तपासत, आणि कॅन्सर निघाला तर तेव्हाच्या तेव्हा सगळा स्तन काढून टाकत. जाग आल्यावर छातीवर हात ठेवून तिनं समजून घ्यायचं! रोज कुश्नर या पत्रकार बाईंना १९७४ मध्ये स्वतःलाच गाठ लागली. त्यांनी या पद्धतीला साफ नकार दिला. आधी तपासणी, मग मला सांगा, मग मी ठरवीन, असा त्यांचा आग्रह. त्यांनी पुस्तक लिहिलं, डॉक्टरांच्या सभांमध्ये जाऊन वाद घातले. अखेर १९७९ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीनं तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं, असं सुचवलं. आज आपल्याकडे आधी सुईची तपासणी होते, रिपोर्ट येतो, मग ऑपरेशनचा दिवस ठरतो. मधले हे जे दिवस मिळतात, ते बाईला विचार करता यावा म्हणूनही आहेत. आपण ते कुजबुजण्यात घालवतो.

आणि विचार करण्यासारखं खरोखर असतं. दर वेळी सगळा स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असेल, जागा सोयीची असेल, तर तेवढाच भाग काढून पुढे रेडिएशन देता येतं. इटलीत डॉ. वेरोनेसी आणि अमेरिकेत डॉ. फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन ठेवला काय किंवा काढला काय, बायकांचं आयुष्य सारखंच, असं त्यात दिसलं. पण रेडिएशन म्हणजे काही आठवडे रोज मशीनपाशी जाणं आलं. मशीन घरापासून शंभर किलोमीटरवर असेल, तर राहायचं कुठे, सोबत कोण, घरी म्हाताऱ्या सासूबाईंचं कोण बघणार? एखादी म्हणेल, मला स्तन ठेवायचाय, मी राहीन धर्मशाळेत. दुसरी म्हणेल, नको ती येरझार, काढून टाका. दोघीही शहाण्याच. पण हे ठरवायचं तिनं. ‘आता या वयात काय करायचंय ठेवून?’ असं तिच्या वतीनं दुसऱ्यांनी परस्पर म्हणायचं नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात, आणि दोन्ही खोटे नाहीत.

पहिला म्हणजे, सगळं ऐकून ती खचली तर? खचेलही. रडेलही. दोन दिवस जेवणार नाही. पण ते रडणं आपल्या देखत होईल, उशीत तोंड खुपसून होणार नाही. शिवाय सांगणं म्हणजे सगळं एकदम डोक्यावर ओतणं नव्हे. काहीजणींना बारीकसारीक सगळं हवं असतं, काहीजणी म्हणतात, ‘मला पुढचं नका सांगू, उद्याचं तेवढं सांगा.’ तेही मान्य करायला हवं. म्हणून आधी तिलाच विचारायचं, ‘किती सांगू?’ आणि एकदा सांगून भागत नाही. घाबरलेल्या माणसाच्या कानात निम्मं शिरतच नाही. आज थोडं, उद्या पुन्हा थोडं, असंच करावं लागतं. चालता चालता, चार इंग्रजी शब्दांत, सगळ्यांदेखत सांगितलेली माहिती भीती कमी करत नाही, उलट वाढवते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. वेळ कुठे आहे? तेही खरंच. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात एकदा उभं राहिलं, तरी त्यांच्यावरचा भार कळतो. भारतात आज बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हा स्तनाचाच आहे, आणि सर्जन मोजके. पण हे काम सर्जननंच करावं असं कुठे आहे? आमच्या जाऊबाईंना समजावलं ते रात्रपाळीच्या सिस्टरनी. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं एक मोठा अभ्यास केला, दीड लाखाहून जास्त बायकांचा. त्यांच्यातल्या निम्म्या भागात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका घरोघरच्या बायकांना माहिती देत, हातानं स्तन तपासत. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले होते. तो अभ्यास ऑपरेशनचा नव्हे, तपासणीचा होता. पण नीट शिकवलेली साधी बाई दुसऱ्या बाईशी तिच्या भाषेत बोलून काय करू शकते, ते त्यातून दिसतं.

आणि सगळ्यात चांगलं कोण सांगणार? जी यातून गेली आहे ती. न्यूयॉर्कच्या टेरीस लासर यांचं १९५२ मध्ये स्तनाचं ऑपरेशन झालं. पुढे हात कसा हलवायचा, ब्लाऊजमध्ये काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, हे कुणी सांगेना. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच वॉर्डात जाऊन नव्या बायकांना भेटू लागल्या. काही डॉक्टरांना ते अजिबात आवडलं नाही. पण बाई हटल्या नाहीत, आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर सोसायटीनं त्यांचं काम आपलंसं केलं. आपल्याकडे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावच्या रुग्ण बायका नातेवाइकांसह उतरतात. अशा ठिकाणी जी चार महिने पुढे आहे, ती नव्या आलेलीला आपोआप सांगते, ‘केस जातात, पण परत येतात बरं का.’ हेच काम प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात ठरवून का होऊ नये? आठवड्यातून एक दुपार, एक खोली, एक सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षक, आणि ऑपरेशन होऊन वर्ष झालेली एखादी ताई. सोबत मोठ्या अक्षरातलं, चित्रांचं, मराठीतलं एक पान. जिला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवायचं. याला कसलं मशीन लागत नाही.

तोवर आपण काय करायचं? एक वही घ्या आणि ऑपरेशनच्या आधी हे प्रश्न लिहून न्या. माझं नेमकं कोणतं ऑपरेशन आहे? स्तन ठेवता येईल का? काखेतल्या गाठी काढणार का? किती दिवस राहावं लागेल, नळी किती दिवस? हाताचे व्यायाम कधीपासून, कोण शिकवणार? पुढे केमोथेरपी, रेडिएशन लागेल का, ते कुठे मिळेल? माझ्या चालू गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या? खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, आत गेल्यावर त्यांना आधी गाठा. उत्तरं समोरच लिहून घ्या. नाही कळलं तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. त्यात लाजायचं काही नाही.

आणि घरातल्या पुरुषांनाही आत बोलवा. पट्टी सुटल्यावर जखम पहिल्यांदा बघायची असते, तेव्हा नवऱ्याला आधी माहीत असेल तर त्याचा चेहरा पडत नाही. तो चेहरा बाई जन्मभर विसरत नाही, म्हणून सांगते.

बायोप्सी केली की पसरतो, चाकू लागला की पसरतो, ताट वेगळं ठेवा, असलं बोलणारी माणसं प्रत्येक गावात असतात. सुईच्या तपासणीनं कॅन्सर पसरत नाही, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. पण आपण घरात गप्प बसलो, की नेमकं हेच बोलणं तिच्या कानावर पडतं. खरं सांगणारे गप्प असले, की खोटं सांगणाऱ्यांचं फावतं.

आमच्या जाऊबाई आता बऱ्या आहेत. दर काही महिन्यांनी तपासणीला जातात, हाताला भाजू-कापू नये म्हणून जपतात, भाकरी मात्र रोज स्वतः थापतात. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचं ऑपरेशन ठरलं. भेटायला निघालो, तर तिच्या मुलानं दारातच हळूच सांगितलं, ‘काकू, आईला काही सांगू नका हं.’

जाऊबाई म्हणाल्या, ‘बाळा, तिला माहितीय. तू जरा चहा टाक, मी बसते तिच्याजवळ.’